पुन्हा पाहिला: 'द नेगोशिएटर' (१९९८) – हा सिनेमा कानांनी बघायचा

जाईची वेल (धागाकर्ती)

(रहस्यभेद आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या, मग वाचा.)

गेल्या शनिवारी 'द नेगोशिएटर' तिसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्यांदाच अण्णांबरोबर पाहिला. अण्णा म्हणजे माझे वडील, पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना इंग्रजी येत नाही. दर थोड्या वेळाने सिनेमा थांबवायचा, मी काय झालं ते सांगायचं आणि मग पुढे जायचं. सव्वादोन तासांच्या सिनेमाला चार तास लागले, मध्ये दोनदा चहा झाला.

ज्यांना धूसर आठवत असेल त्यांच्यासाठी गोष्ट. शिकागो पोलिसांतला डॅनी रोमन (सॅम्युअल जॅक्सन) हा ओलीस धरलेल्यांना बोलून सोडवणारा अधिकारी. त्याचा जोडीदार नेट त्याला सांगतो की खात्याच्या अपंगत्व निधीतून पैसे लाटले जातायत आणि त्यात आपल्याच युनिटची माणसं आहेत. पुढच्या भेटीला डॅनी पोचतो तेव्हा नेट मरून पडलेला असतो आणि मागोमाग पोलिसांच्या गाड्या येतात. डॅनी स्वतः त्या निधीच्या मंडळावर, घरझडतीत परदेशी खात्याचे कागद सापडतात, खुनाचं पिस्तूल त्याच्या एका जुन्या केसमधलं निघतं. सगळे धागे त्याच्याच गळ्याशी. शेवटी तो अंतर्गत चौकशी विभागाच्या कचेरीत घुसतो आणि तिथला इन्स्पेक्टर निबॉम, त्याची सेक्रेटरी मॅगी, कमांडर फ्रॉस्ट आणि रूडी नावाचा एक भुरटा खबऱ्या यांना ओलीस धरतो. अटींतली एक अशी की बोलायला ख्रिस साबियन (केविन स्पेसी) हवा. साबियनही ओलीस सोडवणाराच अधिकारी, पण शहराच्या दुसऱ्या भागातला. डॅनीची आणि त्याची ओळखही नाही, आणि म्हणूनच तो हवा. मित्रच उलटले असतील तर भरवसा तिऱ्हाईतावरच ठेवता येतो, असं त्याचं म्हणणं.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. बाहेरचाच लागतो."

मी नववीत असताना अण्णा निलंबित झाले होते. ते ठाण्यात मुद्देमाल कारकून होते आणि एका गुन्ह्यातल्या जप्त नोटांचं पाकीट सापडेना. अकरा महिने विभागीय चौकशी चालली. अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता आणि रोज मुख्यालयात जाऊन हजेरी. आम्ही पोलीस लाईनीत राहायचो. आदल्या आठवड्यापर्यंत ज्या घरांतून वाटीभर कालवण इकडून तिकडे जायचं, ती दारं आम्ही व्हरांड्यात दिसलो की लोटली जायची. आईला नळावर कोणी नंबर लावू देत नव्हतं असं नाही, पण कोणी बोलत नव्हतं. अण्णा रोज सकाळी सवयीनं ब्रासो लावून पट्ट्याचं बक्कल घासायचे आणि पट्टा पुन्हा खुंटीला अडकवायचे.

पाकीट दुसऱ्याच गुन्ह्याच्या गाठोड्यात सापडलं. नोंद करताना नंबरातला एक आकडा चुकला होता, आणि तो चुकवणारा हात अण्णांचा नव्हता. सापडलं कसं? चौकशीला दुसऱ्या जिल्ह्यातून एक साहेब आले. त्यांनी अण्णांना खुर्ची दिली, "पहिल्यापासून सांगा, घाई नाही" म्हणाले आणि दोन तास मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं. त्या ऐकण्यात त्यांना दुसऱ्या गुन्ह्याचा नंबर लागला. पहिल्या दहा महिन्यांत अण्णांचं म्हणणं कोणी पूर्ण ऐकलंच नव्हतं. जबाब घेतले होते, ऐकलं नव्हतं.

म्हणून या खेपेला सिनेमा मला वेगळाच दिसला. म्हणजे ऐकू आला. यात गोळीबार आहे, हेलिकॉप्टर आहे, काचा फुटतात, पण गोष्ट जिथे जिथे वळते तिथे कोणीतरी काहीतरी ऐकतं. फोनवरचा आवाज. बंद दारामागचा गोळीचा आवाज. नेटने चोरून टेप केलेली संभाषणं, ज्यांच्यामागे सगळे आहेत. आणि शेवटी कटाचा सूत्रधार निघालेल्या फ्रॉस्टची कबुली, जी बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक पोलिसाला वायरलेसवर ऐकू जाते. दिग्दर्शक एफ. गॅरी ग्रे तेव्हा तिशीही न ओलांडलेला. इतका मोठा पसारा हातात असून त्याने दोन माणसांच्या फोनवर कॅमेरा धरून ठेवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

तुम्हाला काय आठवतं?

कोकणकडा

वाचनखूण साठवली. केबलवर रात्री उशिरा पाहिला होता, चाळीतल्या पोरांबरोबर. फार्लीचा प्रसंग अजून पाठ आहे. साबियन पोचेपर्यंत वेळ काढायला फार्ली नावाच्या अधिकाऱ्याला फोनवर बसवतात. डॅनी विचारतो, मला पाद्री भेटेल का? तो म्हणतो, नाही. झालं! डॅनी त्याची शिकवणीच घेतो. पाद्री नाकारलास ते बरोबर, कारण पाद्री म्हटलं की मरण मनात येतं. पण 'नाही' हा शब्द वापरलास ते चूक. ओलीस धरणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं की त्याचा एक रस्ता बंद होतो, आणि बंद करत गेलात की शेवटी बंदुकीचाच रस्ता उरतो. मग फार्ली घाम पुसत "बघतो", "विचार करतो" म्हणत राहतो.

आम्ही तेव्हा पोट धरून हसलो होतो. आता वाटतं, तो प्रसंग हसण्यासाठी नाहीच. ज्याने ही विद्या शिकवली तोच पलीकडे बसलाय, त्यामुळे आता कुठलीच युक्ती चालणार नाही. उरलं ते फक्त खरं बोलणं.

मिशिगनकाठ

मी शिकागोत एकवीस वर्षं आहे. ज्या इमारतीत हे सगळं घडतं ती ७७ वेस्ट वॅकर ड्राइव्ह, नदीच्या अगदी काठावर. स्पॅनिश वास्तुकार रिकार्डो बोफिल यांनी आराखडा केलेली पन्नास मजली इमारत १९९२ मध्ये पुरी झाली. माथ्यावर ग्रीक देवळासारखे त्रिकोण आहेत, आजूबाजूच्या काचेच्या डब्यांत ती उठून दिसते. माझं ऑफिस पुलापलीकडे आहे, जेवणाच्या सुट्टीत रोज समोरून जाते.

सिनेमात विसाव्या मजल्यावर चौकशी विभाग दाखवलाय, पण पोलिसांची कचेरी तिथे कधी नव्हती. जागा मात्र अचूक निवडलीय. वॅकर ड्राइव्ह दोन मजली रस्ता आहे, वर एक, खाली एक. समोर नदी आणि पूल. रस्ता अडवला की ती इमारत शहरापासून तुटल्यासारखी होते. पलीकडच्या काठावरून निशाणबाजांना खिडक्या सरळ दिसतात. रात्री तिथे उभं राहिलं की नदीवरून येणारा वारा कानात इतका घोंघावतो की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. धागा वाचल्यावर काल मुद्दाम थांबले होते, वर बघत.

आडवळण

चांगलं लिहिलंयत, अण्णांचा प्रसंग वाचून गलबललं. पण सिनेमाबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

डॅनीवर अन्याय झाला हे मान्य. पण मॅगीचा काय गुन्हा? ती टेबलामागे बसून काम करणारी बाई. रूडी चोर असेल, पण या भानगडीत नाही. माझं कोणी ऐकत नाही म्हणून मी चार माणसांच्या डोक्याला बंदूक लावणार आणि प्रेक्षकांनी माझ्या बाजूने श्वास रोखायचा, हे मला पहिल्यांदाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पटकथा फार सोयीची आहे. ओलिसांतला एक लाचखोर निघतो, दुसरा तर कटाचा सूत्रधार. समजा निबॉम निर्दोष असता तर? तर डॅनी आपल्या डोळ्यांत कोण ठरला असता?

शिवाय एफबीआयची माणसं नेहमीसारखीच, आत घुसायला उतावीळ. आणि वीस मिनिटं सहज कापता आली असती.

पानगळ

थोडी पार्श्वभूमी लिहिते, कारण या विषयावर बरंच वाचलंय.

बोलून ओलीस सोडवणं ही पोलिसांची स्वतंत्र विद्या फार जुनी नाही. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली चमूतले अकरा जण मारले गेले, विमानतळावरच्या सुटकेच्या प्रयत्नाचा विचका झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी, २२ ऑगस्टला, ब्रुकलिनमधल्या एका बँकेत चोरी फसून ओलीसनाट्य झालं होतं. 'डॉग डे आफ्टरनून' (१९७५) त्यावरच आहे. या दोन्हींनंतर न्यूयॉर्क पोलिसांनी हार्वी श्लॉसबर्ग यांना कामाला लावलं. हा माणूस डिटेक्टिव्ह होता आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेला होता. त्यांनी आणि फ्रँक बोल्झ यांनी मिळून १९७३ मध्ये पथक उभं केलं. त्याच वर्षी जानेवारीत ब्रुकलिनच्याच एका खेळसाहित्याच्या दुकानात वेढा पडला. सुरुवातीलाच एक पोलीस मारला गेला होता, तरी बाहेरच्यांनी आत धडक मारली नाही. ४७ तास थांबले. दुकानमालकाला गच्चीवर जायची एक झाकलेली वाट माहीत होती, तिथून ओलीस निसटले आणि नंतर आतले लोक शरण आले. वेळ जाऊ देणं हेच काम, ही या विद्येची पहिली ओळ.

आता सिनेमात काय चुकलं. साबियनला बोलणीही करायला लावतात आणि सगळ्या कारवाईचा प्रमुखही करतात. प्रत्यक्षात हे कटाक्षाने टाळतात. बोलणाऱ्याने हुकूम द्यायचा नाही, हुकूम देणाऱ्याने बोलायचं नाही. कारण साधं आहे: "वरिष्ठांना विचारून सांगतो" हे बोलणाऱ्याचं सगळ्यात मोठं भांडवल. तोच वरिष्ठ असेल तर तो वेळ मागणार कुणाच्या नावाने? आणि तो एकटा नसतो. शेजारी दुसरा माणूस चिठ्ठ्या सरकवत असतो, तिसरा नोंदी ठेवतो.

डोळे कुठे वळतात त्यावरून डॅनी निबॉमचं खोटं पकडतो तो भागही सोडून द्या. २०१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. डोळ्यांची दिशा आणि खोटं बोलणं यांचा काही संबंध आढळला नाही.

कोकणकडा

@पानगळ, 'वेळ जाऊ देणं हेच काम' – भारी! म्हणजे साबियनचं पहिलं दृश्य त्यासाठीच आहे तर. घरात तो बायको आणि मुलीच्या भांडणात मध्ये पडलाय, बायको खोलीत कोंडून बसलीय, मुलगी फोन सोडत नाही. उंच टॉवर उडवायला निघालेल्या माणसाला याने बोलून थांबवलं, पण घरात कोणी ऐकत नाही. तरी तो दारापाशी शांतपणे उभा राहतो, दार वाजवून तोडत नाही. तिथेच कळतं हा कसा माणूस आहे.

शांत तळं

मी एका हेल्पलाइनवर आठवड्यातून दोन संध्याकाळी फोन घेते. 'नाही म्हणायचं नाही' यावर थोडं.

आम्हालाही हेच शिकवतात, पण 'सगळ्याला हो म्हणा' असा त्याचा अर्थ नव्हे. पलीकडचा माणूस जे मागतो त्याच्या मागे काय आहे ते विचारत राहायचं, एवढाच अर्थ. एकदा पलीकडून बराच वेळ काहीच बोलणं येईना. नुसता पंखा ऐकू येत होता. मग कुकरची शिट्टी झाली. मी विचारलं, "भात लावलाय का?" त्यावर पहिल्यांदा आवाज आला, "डाळ-तांदूळ एकत्रच." तिथून पुढे पाऊण तास बोलणं झालं.

डॅनी आणि साबियन मध्येच जुन्या काउबॉय सिनेमांवर वाद घालतात ना, 'शेन' शेवटी मेला की जगला, ते मला त्या कुकरच्या शिट्टीसारखं वाटतं. कामाचं काहीच नाही, पण त्यानंतर दोघांचे आवाज बदलतात. आणि तिऱ्हाईताचं म्हणाल तर अगदी खरं. घरच्यांना जे सांगता येत नाही ते लोक आम्हाला सांगतात, कारण आम्ही उद्या त्यांना नळावर भेटणार नसतो.

तिसरी घंटा

शांत तळं, त्या 'शेन'च्या वादाला आणखी एक पदर आहे. १९५३ च्या त्या सिनेमात नायक जखमी होऊन घोड्यावरून दूर जातो, मुलगा हाका मारतो, आणि तो मेला की नाही हे दाखवलेलंच नाही. प्रेक्षक सत्तरहून जास्त वर्षं भांडतायत.

आता 'नेगोशिएटर'मध्ये बघा. डॅनी स्कॉट नावाच्या पोलिसाला आत नेतो, गोळीचा आवाज येतो. आपण मरण पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय, आणि तेवढ्यावर सगळे (आपणसुद्धा) त्याला खुनी ठरवतात. स्कॉट जिवंत असतो, तोंडात बोळा कोंबलेला. शेवटी निबॉमच्या घरी साबियन डॅनीवर गोळी झाडतो, तो कोसळतो, फ्रॉस्टला वाटतं मेला, आणि मेला असं वाटल्यामुळेच तो तोंड उघडतो. घोड्यावर वाकलेला माणूस मेलेला असतोच असं नाही! तो वाद भरीचा नव्हता, तीच शेवटाची किल्ली होती. पटकथाकार जेम्स डिमोनॅको आणि केविन फॉक्स यांना इथे मनापासून दाद.

धागाकर्तीने म्हटलंय की सिनेमा कानाचा आहे. मी म्हणेन, कान फसतो तेसुद्धा सिनेमा प्रामाणिकपणे दाखवतो.

आणि निबॉमचं काम करणाऱ्या जे. टी. वॉल्शची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये, सिनेमा लागायच्या पाच महिने आधी ते गेले, वय ५४. सिनेमा त्यांनाच अर्पण केलाय. खुर्चीत बसून, हातापायाची हालचाल नसताना, नुसत्या चेहऱ्यावर भीती आणि माज एकत्र कसा दाखवायचा ते त्यांच्याकडून शिकावं.

जाईची वेल (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. 'शेन'चा दुवा माझ्या लक्षातच आला नव्हता, तिसरी घंटा. आता चौथ्यांदा बघणं आलं.

@आडवळण, तुमचा मुद्दा मी अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्या बाईच्या घरी कोणीतरी वाट बघत असंल. तिला आधी सोडायला पायजे होती." म्हणजे ते तुमच्याच बाजूचे. माझंही मन तिथे अडतं. मात्र एक सांगते. मॅगी पुढे डॅनीला निबॉमचा संगणक उघडायला मदत करते, ती बंदुकीला घाबरून नाही. ती त्या कचेरीत रोज बसते, काय चालतं ते तिने पाहिलंय, आणि तिलाही आजवर कोणी विचारलेलं नव्हतं. डॅनीचं कृत्य त्याने बरोबर ठरत नाही, पण ती दृश्यं मला खरी वाटतात.

लांबीबद्दल सहमत. नळ्यांतून रांगत येण्याचा भाग आटोपशीर करता आला असता.

@पानगळ, अण्णांना ४७ तासांचं सांगितलं. त्यांना विश्वासच बसेना की आपला माणूस मेलेला असताना बाकीचे पोलीस दारात उभे राहिले. "त्यांच्या साहेबाची कमाल," म्हणाले.

मिशिगनकाठ

मूळ प्रेरणा शिकागोची नाही हेही नोंदवते. सेंट लुईस पोलिसांच्या पेन्शन निधीतला घोटाळा गाजला होता, त्यावरून कथा सुचली. ज्यांच्या हातात हिशेबाची वही, त्यांनीच जखमी सहकाऱ्यांच्या नावाचा पैसा खायचा, हे वाचून मला गोळीबारापेक्षा जास्त चीड आली होती.

आडवळण

जाई, अण्णांना नमस्कार सांगा. संगणकाच्या दृश्यांबद्दल मानलं, मी मॅगीकडे फक्त ओलीस म्हणून बघत होतो. पुन्हा बघेन.

या पठडीतला माझा सगळ्यात आवडता 'द टेकिंग ऑफ पेलहॅम वन टू थ्री' (१९७४). न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा एक डबा पळवतात, दहा लाख डॉलर, मुदत एक तास. वॉल्टर मॅथाऊ वायरलेससमोर बसून पलीकडच्या रॉबर्ट शॉशी बोलतो. पलीकडून अधूनमधून कोणाची तरी शिंक ऐकू येते, आणि ती शिंकच शेवटी कामाला येते. कानाचा सिनेमा म्हणाल तर हाच. आपल्याकडचा घ्यायचा तर 'अ वेन्सडे' (२००८): ओलीस नाहीत, पण मुंबईच्या एका गच्चीवरून नसीरुद्दीन शाह आणि आयुक्तांच्या खुर्चीत अनुपम खेर, जवळजवळ सगळा सिनेमा फोनवर.

शांत तळं

जाई, एक विचारू? अण्णांनी शेवट पाहून काय म्हटलं?

जाईची वेल (धागाकर्ती)

शेवटी डॅनीला रुग्णवाहिकेत चढवतात तेव्हा साबियन डॅनीचा पोलिसी बिल्ला त्याच्या हातात देतो. अण्णांनी ते दृश्य मागे घ्यायला लावलं. दोनदा.

अण्णा कामावर परत गेले त्या दिवशी त्यांचा बिल्ला एका कारकुनाने खिडकीतून सरकवला होता. रजिस्टरवर सही घेतली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. हे मला शनिवारपर्यंत माहीत नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. सिनेमा थांबवून मी विचारलं, "मग ते साहेब? त्यांनी काही म्हटलं नाही?" तर म्हणाले, "ते कवाच गेले होते त्यांच्या जिल्ह्यात. मी पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं."

मग उठून कपाटातून एक पोस्टकार्ड काढून आणलं. चार ओळींचं आहे. पहिली ओळ अशी: "आपण सविस्तर सांगितलेत म्हणून उलगडा झाला."

रविवारी 'पेलहॅम' लावणार आहे. अण्णांनी आधीच बजावलंय की शिंक आली की थांबवायचं आणि कोण शिंकलं ते सांगायचं.